‘मंग तो पाह्य’ : मुष्टियुद्धपट, कुस्ती आणि रसिकाची शिफारस

१

‘हा पाह्यला ना? मंग तो पाह्य.’ बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, चित्रपटांच्या गप्पा रंगल्या असता, या घाटणीचे वाक्य हमखास ऐकू येते. गप्पांचा विषय मुष्टियुद्धपट असला की हे वाक्य अधिकच आग्रहाने उच्चारले जाते. ‘रॉकी’ पाहिलेल्याला ‘रेजिंग बुल’ सुचवला जातो, ‘मुक्काबाज़’ पाहिलेल्याला ‘सरपट्टा परंबरै’, आणि ‘तूफ़ान’ पाहून आलेल्याला ‘अगोदर गुलाम पाहा’ असा उलट्या दिशेचा सल्ला मिळतो. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मुष्टियुद्धाचे रिंगण प्रत्यक्षात पाहिलेले नसते. या परिसराचा पारंपरिक खेळ कुस्ती आहे. जत्रेच्या निमित्ताने भरणारी कुस्त्यांची आम दंगल येथील लोकजीवनाच्या ओळखीची आहे. मुष्टियुद्ध मात्र शेजारच्या अकोल्यात क्रीडा प्रबोधिनीच्या आश्रयाने वाढलेले, शासकीय प्रशिक्षणाच्या वाटेने आलेले आहे. असे असूनही मुष्टियुद्धपटांविषयीचे हे बोलणे नुसते हौसेचे नसते. त्यात निवड असते, तुलना असते, आक्षेप असतात आणि क्वचित तीव्र मतभेदही असतात.

मराठी समीक्षेने अशा बोलण्याकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. ‘आस्वाद’ आणि ‘समीक्षा’ यांच्या भेदाची चर्चा आपल्याकडे विपुल झाली. परंतु त्या चर्चेत आस्वादक म्हणून गृहीत धरला गेला तो लेखन करणारा, सुशिक्षित, साहित्याचा वाचक. बोलून दाखवणारा आणि लगेच दुसऱ्या कृतीकडे बोट दाखवणारा रसिक त्या चर्चेच्या परिघाबाहेर राहिला. ‘यानंतर काय पाहावे’ हे सांगण्याच्या कृतीत एक प्रकारविचार दडलेला असतो, आणि तो विचार प्रत्येक ठिकाणी तेथील अनुभवाच्या साच्यातून घडत असतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. मुष्टियुद्धपटासारखा परका चित्रपटप्रकार कुस्तीच्या प्रदेशात कसा वाचला जातो, हा प्रश्न त्या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरतो.

२

प्रथम या वाक्याच्या रचनेकडे पाहणे इष्ट ठरेल. त्यातील सर्व भार ‘मंग’ या अव्ययावर आहे. प्रमाण मराठीतील ‘मग’प्रमाणेच ‘मंग’ हे कालवाचकही आहे आणि अनुमानवाचकही. ‘जेवलो, मग झोपलो’ यात नुसता क्रम आहे. ‘पाऊस नाही, मग पेरायचे कसे’ यात कारणापासून निष्कर्षाकडे जाणारी वाट आहे. शिफारशीतील ‘मंग’ दोन्ही कामे एकाच वेळी करते. ते पाहण्याचा क्रम सांगते आणि त्या क्रमामागे कारण असल्याचा दावाही करते. हे कारण बहुधा उच्चारले जात नाही. समीक्षकाचे काम तेथेच सुरू होते, कारण ‘हा पाहिला’ आणि ‘तो पाहा’ यांच्यामधील न उच्चारलेला दुवा हीच त्या रसिकाची साहित्यप्रकारविषयक भूमिका असते.

प्रकाराची व्याख्या दोन रीतींनी करता येते. एक रीत वरून खाली येणारी आहे. तिच्यानुसार मुष्टियुद्धपटाची आवश्यक लक्षणे ठरवून ती ज्या कृतीत आढळतील तिला त्या प्रकारात घालावयाचे. अमेरिकन अभ्यासक लेजर ग्रिंडन यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकन चित्रपटांतील मुष्टियोद्ध्याचा असा सविस्तर अभ्यास केला आहे. दुसरी रीत कृतीकडून कृतीकडे जाणारी आहे. विट्गेनश्टाइनने मांडलेली आणि रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) मराठी समीक्षेत रुळलेली कुलसाम्याची कल्पना येथे उपयोगी पडते. एकाच कुळातील माणसांत एखाद्याचे नाक दुसऱ्यासारखे असते, दुसऱ्याची चाल तिसऱ्यासारखी असते, परंतु सर्वांत समान असे एकही लक्षण सापडेलच असे नाही. शिफारस करणारा रसिक हे कुलसाम्यच शोधत असतो. त्याची साखळी एका लक्षणावरून दुसऱ्या लक्षणावर सरकत जाते. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या कडीत काहीच साम्य नाही असेही घडू शकते, आणि तरीही प्रत्येक सांधा समर्थनीय असतो.

या सरकण्याच्या तीन पायऱ्या संभवतात. पहिली पायरी विषयसाम्याची. येथे मुष्टियुद्ध आहे, तेथेही आहे, एवढ्यावर ‘बॉक्सर’पासून (१९८४) ‘अपने’पर्यंत (२००७) आणि ‘मेरी कोम’पर्यंत (२०१४) कोणतीही यादी लांबवता येते. ही पायरी सर्वांत सोपी आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत निर्धन होय. दुसरी पायरी कथाबीजाची. तिसरी पायरी अनुभवाच्या जातकुळीची. येथे ‘जातकुळी’ हा शब्द केवळ लक्षणेने वापरलेला नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

३

कथाबीजाच्या पायरीवर सर्वाधिक बळकट सांधा आढळतो तो विकलेल्या लढतीचा. रॉबर्ट रॉसेनचा ‘बॉडी अँड सोल’ (१९४७), रॉबर्ट वाइजचा ‘द सेट-अप’ (१९४९), एलिया कझानचा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) आणि मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘रेजिंग बुल’ (१९८०) या चारही चित्रपटांत पैशासाठी किंवा दडपणाखाली लढत हरण्याचा प्रसंग कथेच्या मर्मस्थानी किंवा त्याच्या निकट आहे. ‘ऑन द वॉटरफ्रंट’मधील नायक तर रिंगणाबाहेर पडलेला मुष्टियोद्धा आहे. त्याची लढत केव्हाच संपलेली आहे, शिल्लक आहे ते विकले गेल्याचे शल्य. याच चित्रपटाच्या आधारावर विक्रम भट्ट यांचा ‘गुलाम’ (१९९८) उभा आहे. त्याचा नायक मुंबईच्या वस्तीतील सिद्धार्थ मराठे आहे. तोही भावाच्या आणि वस्तीतील गुंडाच्या सांगण्यावरून लढत हरतो. राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या ‘तूफ़ान’मध्ये (२०२१) डोंगरीचा अज़ीज़ अली संसाराच्या निकडीपोटी पैसे घेऊन लढत सोडतो आणि पाच वर्षांची बंदी ओढवून घेतो.

‘तूफ़ानच्या अगोदर गुलाम पाहा’ हा सल्ला म्हणूनच अत्यंत सार्थ आहे. सल्ला देणाऱ्याला कझानचे नाव ठाऊक असो वा नसो, त्याने आंतरसंहितात्मक नात्याचा एक धागा अचूक हाती धरलेला असतो. आखाड्याच्या भाषेत या कृतीला आयताच शब्दही आहे : नुरा कुस्ती. आधी ठरवून, प्रेक्षकांना फसवून खेळलेली कुस्ती. कुस्तीच्या प्रदेशातील प्रेक्षक विकलेल्या लढतीच्या प्रसंगाशी परकेपणाने वागत नाही याचे एक कारण या शब्दात आहे. परंतु नुरा कुस्तीत फसवला जातो तो प्रेक्षक आणि मुष्टियुद्धपटात उद्ध्वस्त होतो तो खेळाडू. अपराधाचे केंद्र फडातून शरीरात सरकते. हा फरक नीट लक्षात घेतला म्हणजे कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांच्या कथनशक्तीतील मूलभूत भेदाकडे वळता येते.

४

या गप्पांतील सर्वांत तीव्र मतभेद उद्भवतो तो ‘दंगल’ आणि ‘सुलतान’ या २०१६ च्या दोन चित्रपटांवरून. ‘रॉकी आवडला तर सुलतान पाहा’ असे कोणी म्हणताच दुसरा आक्षेप घेतो की ती कुस्ती आहे, ते मुष्टियुद्ध नव्हे. वरवर पाहता हा वाद वर्गीकरणाचा, म्हणून क्षुल्लक वाटतो. वस्तुतः तो कथनमीमांसेचा वाद आहे.

रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहात मल्लयुद्ध आणि मुष्टियुद्ध यांचा भेद केला आहे. त्यांच्या मते मुष्टियुद्ध ही प्रेक्षकासमोर उलगडत जाणारी कथा असते, तेथे भविष्याविषयी पैज लावता येते. मल्लयुद्धात प्रत्येक क्षण स्वतंत्रपणे आणि पूर्णपणे अर्थवाही असतो, त्याला पुढच्या क्षणाची प्रतीक्षा नसते. बार्थ यांच्यासमोर होते ते पॅरिसच्या सभागृहांतील, अभिनयाचा भाग मोठा असलेले मल्लयुद्ध. लाल मातीतील कुस्तीला ही मांडणी जशीच्या तशी लागू होत नाही. आपली कुस्ती खरीखुरी स्पर्धा आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील असो वा वऱ्हाडातील एखाद्या जत्रेतील असो, तिच्यावर लोक इर्षेने बक्षिसे लावतात आणि तिच्या निकालावर गावाची इभ्रत ठरते. तरीही बार्थ यांच्या भेदातील एक सूत्र येथे कामाला येते : खेळाच्या नियमातच कथनाची एक शक्यता कोरलेली असते.

कुस्तीचा मूळ नियम असा की पाठ टेकली की खेळ संपला. ‘चितपट’, ‘अस्मान दाखवणे’, ‘चारी मुंड्या चीत’ हे सर्व वाक्प्रचार अंतिमतेचे आहेत. निकाली कुस्तीत पडलेल्याला त्याच कुस्तीत उठण्याची मुभा नसते. मुष्टियुद्धात पडणे म्हणजे हरणे नव्हे. पडलेल्याला दहा आकडे मोजून होईपर्यंत अवधी मिळतो. या दहा आकड्यांत चित्रपटाला नाट्याचे आयते अवकाश सापडते. जमिनीवरून दिसणारे धूसर दिवे, दूर गेलेला आवाज, आठवणींचा ओघ, दोरीला धरून उठणारे शरीर : मुष्टियुद्धपटाचे हे सर्व संकेत नियमपुस्तकातील एका कलमावर उभे आहेत. ‘रॉकी’मध्ये (१९७६) चौदाव्या फेरीत नायक कोसळतो, त्याचा गुरूच त्याला पडून राहण्यास सांगतो आणि तो उठतो. पुढे पंचांच्या निर्णयाने तो लढत हरतो. पण प्रेक्षकाच्या लेखी त्याने जिंकायचे ते उठण्याच्या क्षणीच जिंकलेले असते. हरूनही उभा राहणारा नायक मुष्टियुद्धात शक्य आहे. कुस्तीत तो व्याख्येनेच अशक्य आहे.

यामुळेच कुस्तीवरील कथनाचे नाट्य कुस्तीच्या आधी किंवा नंतर घडत राहते. तालीम, वस्ताद, खुराक, गावकी, भाऊबंदकी, इभ्रत यांत ते पसरलेले असते. प्रत्यक्ष कुस्ती एका डावात निकालात निघते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त कथेला आकार देणारी घटना एखादी कुस्ती नाही, तालमीची इमारत उभी करणे ही आहे. मास्तराच्या पुढाकाराने सारे गाव त्यासाठी राबते, तालीम उभी राहते आणि पुढे दुष्काळाने गावच उठून जाते. कुस्तीची शोकात्मिका येथे आखाड्याबाहेर, सामूहिक जीवनात घडते.

हा विचार मान्य केला म्हणजे ‘दंगल’ आणि ‘सुलतान’ यांच्यासंबंधीचा वाद वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. ‘सुलतान’चा नायक मल्ल आहे, परंतु त्याच्या पुनरागमनासाठी चित्रपटाला त्याला मिश्र युद्धकलेच्या पिंजऱ्यात न्यावे लागले. पडणे, मार खाणे, पुन्हा उठणे ही क्रिया मातीत शक्य नव्हती. ‘दंगल’ मातीतून गादीवर येतो. गादीवरील कुस्तीत गुण असतात, फेऱ्या असतात, मागे पडून पुढे येण्याची सोय असते. त्यामुळे राष्ट्रकुल स्पर्धेतील अंतिम लढत शेवटच्या क्षणी पाच गुणांच्या डावाने फिरवता आली. २०१० साली दिल्लीत झालेली खरी अंतिम लढत एवढी अटीतटीची नव्हती. तेव्हा ‘सुलतान ही कुस्ती आहे’ असा आक्षेप घेणारा विषयाच्या पातळीवर बरोबर असतो आणि ‘रॉकीनंतर सुलतान’ म्हणणारा रचनेच्या पातळीवर. हिंदी चित्रपटाने कुस्तीला पडद्यावर आणताना तिला मुष्टियुद्धाची कथनरीती बहाल केली. या स्थित्यंतराची नोंद समीक्षेच्या आधी रसिकांच्या भांडणात झाली, हे विसरून चालणार नाही.

उलट दिशेचे उदाहरणही उद्बोधक आहे. क्लिंट ईस्टवूडच्या ‘मिलियन डॉलर बेबी’ला (२००४) अनेक रसिक मुष्टियुद्धपट मानावयास तयार नसतात. त्यातील नायिका घंटा झाल्यानंतरच्या आघाताने पडते आणि पुन्हा कधीच उठू शकत नाही. दहा आकड्यांचा करार तेथे मोडतो. प्रकाराचा मूलभूत करार मोडणारी कृती प्रकाराबाहेर वाटणे स्वाभाविक आहे. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते येथे छेदले जाते. तो मुष्टियुद्धपट नव्हे, हे रसिकाचे विधान चुकीचे असले तरी त्यामागील अस्वस्थता अचूक आहे.

५

आता तिसऱ्या पायरीकडे वळता येईल. ‘मुक्काबाज़ पाहिला, मग सरपट्टा पाहा’ या शिफारशीतील ‘मग’ कशावर उभे आहे? अनुराग कश्यप यांचा ‘मुक्काबाज़’ (महोत्सवात २०१७, प्रदर्शित २०१८) उत्तर प्रदेशातील बरेलीत घडतो, तर पा. रंजित यांचा ‘सरपट्टा परंबरै’ (२०२१) आणीबाणीच्या काळातील उत्तर मद्रासमध्ये. भाषा, काळ, प्रदेश आणि चित्रणशैली यांत दोहोंत फारसे साम्य नाही. साम्य आहे ते या जाणिवेत की रिंगणात उतरण्याआधीच लढत सुरू झालेली असते आणि ती जातीची असते.

‘मुक्काबाज़’चा श्रवण सिंह राजपूत आहे. ब्राह्मण बाहुबलीच्या घरची चाकरी नाकारल्याने त्याची कारकीर्द रोखली जाते. खेळाडूंच्या वाट्याची रेल्वेतील नोकरी मिळते तेव्हा तेथील वरिष्ठ जातीचा जुना हिशेब त्याच्यावरच उगवतो. त्याचा दलित प्रशिक्षक तर दुहेरी अपमान सोसतो. जात ही केवळ वरून खाली येणारी दडपणाची रेषा नसून प्रत्येक पायरीवर फिरणारी यंत्रणा आहे, हे या रचनेतून सूचित होते. ‘सरपट्टा’त ‘परंबरै’ हा शब्दच मराठी वाचकाला थांबवून ठेवतो. तो आपल्या ‘परंपरा’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे आणि तेथे त्याचा अर्थ घराणे, तालीम, गट असा होतो. मराठी प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. वस्तादाचा मान, तालमीची इर्षा, पोटच्या मुलाला डावलून शिष्याला पुढे करणारा गुरू आणि त्यातून पेटणारा मत्सर हे सर्व त्याच्या परिचयाचे असते. कुस्तीच्या प्रदेशातील रसिकाने मद्रासच्या मुष्टियुद्धावरील चित्रपट आपला म्हणून ओळखावा, यामागे ही तालमीची स्मृती आहे. त्यापलीकडे, कबिलनच्या घरातील बुद्ध आणि आंबेडकर यांच्या प्रतिमा विदर्भातील प्रेक्षकाला जे सांगतात ते अन्यत्रच्या प्रेक्षकाला तितक्या थेटपणे सांगत नाहीत. स्टॅन्ली फिश यांच्या ‘अर्थनिर्णायक समूहा’चे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

‘तूफ़ान’ आणि ‘सरपट्टा’ हे चित्रपट जुलै २०२१ मध्ये एकाच आठवड्याच्या अंतराने, एकाच माध्यमावर, चित्रपटगृहे बंद असताना घरोघरी पोहोचले. त्यामुळे तुलना अटळ होती. ‘तूफ़ान’चा प्रशिक्षक नाना प्रभू मराठी आहे. बॉम्बस्फोटात पत्नी गमावल्याने त्याच्या मनात मुसलमानांविषयी अढी आहे. त्याचा शिष्य मुसलमान आहे आणि त्याच्या मुलीचे त्याच्याशी लग्न होते. म्हणजे या चित्रपटातही सामाजिक संघर्ष मध्यवर्ती आहे. परंतु तो एका व्यक्तीच्या मनातील पूर्वग्रह म्हणून येतो आणि त्या व्यक्तीच्या मनःपरिवर्तनाने सुटतो. ‘सरपट्टा’त कबिलन जिंकण्याच्या बेतात असताना रिंगणातच त्याला विवस्त्र केले जाते. हा अपमान कोणा एकाच्या हृदयपरिवर्तनाने पुसला जाण्यासारखा नाही. ‘मुक्काबाज़’नंतर ‘तूफ़ान’ न सुचवता ‘सरपट्टा’ सुचवणारा रसिक हा भेद करत असतो. पूर्वग्रहाची कथा आणि व्यवस्थेची कथा यांतील फरक त्याने कोणत्याही परिभाषेवाचून ओळखलेला असतो.

या विवेकाचे मोल कळण्यासाठी ‘द सेट-अप’ची हकीकत लक्षात घ्यावी. हा चित्रपट जोसेफ मॉन्क्योर मार्च यांच्या १९२८ च्या दीर्घ कवितेवर आधारलेला आहे. कवितेतील मुष्टियोद्धा कृष्णवर्णीय आहे. चित्रपटात तो गोरा झाला. लढत तीच, कारस्थान तेच, पण ज्या वास्तवामुळे त्या शरीराला विकले जाण्याची सक्ती होती ते वास्तव रूपांतराच्या वाटेत गळून पडले. प्रकाराचे संकेत जसेच्या तसे ठेवून त्यातील सामाजिक आशय निथळून टाकता येतो, हे या उदाहरणावरून दिसते. ‘गुलाम’मध्येही नायकाला ‘मराठे’ हे आडनाव मिळाले आहे, परंतु त्या नावाला वस्तीच्या सामाजिक घडणीत नेमके स्थान मात्र मिळालेले नाही. कथाबीजावर आधारलेली शिफारस ‘ऑन द वॉटरफ्रंट’पासून ‘तूफ़ान’पर्यंत सुखेनैव जाते. अनुभवाच्या जातकुळीवर आधारलेली शिफारस ‘सरपट्टा’पाशी येऊन थबकते आणि मागील साखळीचीच फेरतपासणी करावयास लावते.

६

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की शिफारस हे मूल्यमापन नव्हे, ती केवळ ओघ चालू ठेवण्याची युक्ती आहे. ‘पुढे काय’ या प्रश्नाने आत्ता पाहिलेल्या कृतीपाशी थांबणे टळते आणि थांबल्यावाचून समीक्षा होत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. ‘रेजिंग बुल’सारखा चित्रपट नायकाविषयी सहानुभूतीची सोय ठेवत नाही, त्याच्यापाशी रेंगाळावेच लागते. शिफारशीच्या साखळीत तो अनेकदा ‘रॉकीनंतरचा’ एवढ्याच नात्याने पाहिला जातो आणि त्याच्यातील हिंसेचा प्रश्न अस्पर्श राहतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाहणाऱ्याच्या सवयी नोंदवून पुढचा चित्रपट समोर आणण्याचे काम आज यंत्रेही करतात. मग माणसाच्या शिफारशीचे वेगळेपण ते काय उरले? याचे उत्तर पुन्हा ‘मंग’मध्ये शोधावे लागते. यंत्राच्या सूचनेत क्रम असतो, पण ज्याचा जाब विचारता येईल असे कारण नसते. गप्पांत ‘तो पाह्य’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ‘का म्हणून सांगितला होतास?’ असे विचारता येते, आणि त्याला आपल्या निवडीची बाजू मांडावी लागते. शिफारशीला समीक्षेचे मूल्य प्राप्त होते ते या उत्तरदायित्वामुळे. ज्या गप्पांत ‘का’ विचारले जात नाही त्यांना ते मूल्य नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तिसरा प्रश्न या साखळीने स्वतःच उपस्थित केलेला आहे. ती इंग्रजी, हिंदी आणि तमिळ चित्रपटांतून फिरते, मराठी बोलीत उच्चारली जाते, परंतु तिच्यात मराठी चित्रपटाची कडी सहसा येत नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’पासून (१९६९) मराठी चित्रपटाने आखाडा पाहिलेला आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची परंपरा सुरू झाली. आपल्या क्रीडास्मृतीचा केंद्रबिंदू कुस्ती असल्याने मुष्टियोद्धा मराठी कल्पनेत मूळ धरू शकला नाही, असे म्हणता येईल. पण हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण प्रेक्षकाने तर त्याला केव्हाच स्वीकारलेले आहे.

त्याने तो का स्वीकारला, याचे उत्तर खेळात शोधण्यापेक्षा प्रेक्षकाच्या दिनक्रमात शोधणे अधिक फलदायी ठरेल. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने (२००२) याच जिल्ह्याच्या मातीतील शिकलेल्या, शेतीत अडकलेल्या आणि नोकरीवाचून कुंठित झालेल्या तरुणाचे चित्र मराठी कादंबरीत आणले. त्या तरुणाच्या पुढच्या पिढीतील कितीतरी जण आज पोलीस आणि सैन्य भरतीच्या आशेने पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के समांतर आरक्षण हाही त्यांच्या हिशेबातील एक आकडा असतो. मुष्टियुद्धपटातील सरावाची दृश्यमालिका, म्हणजे पहाट, रिकामा रस्ता, एकटा धावणारा देह, या प्रेक्षकाला अलंकरण म्हणून दिसत नाही. तालमीत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात आणि शेतातल्या कष्टालाही ‘मेहनत’च म्हणतात. हा एकच शब्द त्याच्यासाठी दोन जगांना जोडतो. अन्य भांडवल नसलेल्या माणसाचे शरीर हेच भांडवल असते, हे सूत्र त्याला चित्रपटाने शिकवलेले नसते. चित्रपटात त्याला ते पुन्हा भेटते.

आणि येथेच दहा आकड्यांचा अर्थ बदलतो. कुस्तीच्या न्यायाने पाहिले तर एका भरतीत बाद झालेला, एका हंगामात नागवला गेलेला माणूस चीत झालेला असतो. त्याची पाठ टेकलेली असते. मुष्टियुद्धपट त्याला वेगळा नियम दाखवतो : पडल्यानंतरही काही आकडे शिल्लक असतात. या नियमात दिलासा आहे तसा धोकाही आहे. उठणे हे केवळ नायकाच्या इच्छाशक्तीचे फलित आहे असा समज ‘रॉकी’च्या वंशातील बहुतेक चित्रपट दृढ करतात, आणि न उठलेल्याच्या पराभवाचा दोष आपोआप त्याच्याच माथी येतो. ‘मुक्काबाज़’ आणि ‘सरपट्टा’ विचारतात की आकडे मोजणारा पंच कोणाचा आहे. ‘रॉकी’ पाहून आलेल्या मित्राला ‘मंग तो पाह्य’ म्हणत या दुसऱ्या चित्रपटांकडे नेणारा रसिक त्याला पहिल्या दिलाशापासून दुसऱ्या प्रश्नाकडे नेत असतो. एवढे अंतर जी कृती एका अव्ययाच्या बळावर तोडते, तिला समीक्षा म्हणण्यास मराठी समीक्षेने संकोच करण्याचे कारण नाही. त्या अव्ययामागचे कारण उच्चारून दाखवणे, आणि जेथे ते दुबळे असेल तेथे तसे सांगणे, हे काम मात्र तिच्याकडेच राहते.